पाऊस पडला की खोकी उघडू

मे महिन्याच्या दोन तारखेला, सकाळी साडेदहा वाजता, शुर्शोने एक छोटासा निर्णय घेतला. इतका छोटा, की तो घेताना त्याने हातातला कॉफीचा कागदी कपसुद्धा खाली ठेवला नाही. सामानाचा ट्रक नुकताच परत गेला होता. दिवाणखान्यात त्रेचाळीस खोकी जवळजवळ छतापर्यंत रचलेली होती. आणि खिडकीबाहेर अल्मेरिया शहर उन्हात असं लखलखत होतं, जणू कुणीतरी आत्ताच चिंच लावून घासून ठेवलंय.

"उशिया," तो बायकोला म्हणाला, "बाहेर ऊन पडलंय."

"डोळे आहेत मला."

"असल्या उन्हात घरात बसून खोकी सोडायची? पाप लागेल. समुद्रावर जाऊ. खोक्यांचं काय, पाऊस पडेल त्या दिवशी उघडू."

आता यात वेड्यासारखं काय होतं? काही नाही. निदान सांतियागोच्या माणसाला तरी काही दिसलं नसतं. शुर्शो आणि उशिया दोघंही जन्माने सांतियागोचे, म्हणजे स्पेनच्या पार वरच्या, ओल्या कोपऱ्यातले. तिथे दगडावर शेवाळ, शेवाळावर धुकं आणि धुक्यावर पाऊस असा सगळा थर असतो. ऊन तिथे घाईतल्या पाहुण्यासारखं येतं. बसा म्हणेपर्यंत निघून जातं. त्यामुळे तिथला माणूस ऊन दिसलं की हातातलं टाकून बाहेर पळतो. कपाट आवरणं, नळ दुरुस्त करणं, मावशीला फोन करणं, असली घरातली कामं तो पावसाच्या दिवसासाठी राखून ठेवतो. पावसाचा दिवस म्हणजे उद्या. फार फार तर परवा. शुर्शो अडतीस वर्षं या पद्धतीने जगला होता आणि या पद्धतीने त्याला कधीही दगा दिला नव्हता.

(हिशोबात एकच गोष्ट राहून गेली. सांतियागो मागे राहिलं होतं. पावसासकट.)

खोकी उघडायचं काम शुर्शोचं होतं, हे आधीच ठरलेलं. बदलीचे कागद हातात पडल्यापासून तीन आठवडे उशियाने एकटीने घर आवरलं, प्रत्येक कप वर्तमानपत्रात गुंडाळला, प्रत्येक खोक्यावर आपल्या ग्रंथालयी अक्षरात नाव घातलं, आणि शेवटच्या खोक्याला चिकटपट्टी लावून म्हणाली, "भरायची मी भरली. सोडायची तू. मी हात लावणार नाही."

"एवढंच ना?" शुर्शो म्हणाला होता.

एवढंच नव्हतं. उशिया अकरा वर्षं गावच्या ग्रंथालयात नोकरीला होती, आणि नवऱ्याच्या बदलीसाठी तिने पाच महिन्यांची बिनपगारी रजा घेतली होती. राजीनामा दिला नव्हता. तीस सप्टेंबरच्या आत कळवायचं होतं, परत येते की नाही. "ते घर मला घर वाटलं तर राहीन," तिने सांगितलं होतं. "नाही वाटलं तर मी आपली परत. तू राहा तुझ्या उन्हात." आवाज अजिबात न चढवता सांगितलं होतं, ग्रंथालय पाच मिनिटांत बंद होत आहे, हे ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात. शुर्शोला तो आवाज ठाऊक होता. त्या आवाजानंतर खरंच पाच मिनिटांत दिवे जात.

शुर्शोला दोन्ही हवं होतं. ऊनही आणि उशियाही. लहानपणापासून त्याचे मोजे कधी पुरते वाळले नव्हते. बदलीसाठी त्याने तीनदा अर्ज केला होता. आणि उशियाशिवाय त्याला स्वतःचा चष्मासुद्धा सापडत नसे.

तर दोन मेला ते समुद्रावर गेले. तीनला ऊन होतं, गेले. चारला ऊन होतं. पाचला तर असं ऊन होतं की न जाणं हा गुन्हाच ठरला असता. शुर्शोची कचेरी दुपारी तीनला सुटायची (तो पाणीपुरवठा खात्यात कारकून होता, स्पेनमधल्या सगळ्यात कोरड्या शहरात पाणीपुरवठा खातं हे मोठं निवांत ठिकाण असतं). सुटला की तडक घरी, आणि घरातून उशियाला घेऊन तडक बाहेर. दोन ताटल्या, एक तवा आणि एक सुरी अशी तात्पुरती खरेदी झाली. पडदे खोक्यात होते, म्हणून खिडक्या उघड्या. पुस्तकं खोक्यात होती, म्हणून उशिया दुधाच्या डब्यावरचा मजकूर वाचायची. दोन खोकी एकमेकांवर ठेवली की जेवायचं टेबल व्हायचं. 'स्वयंपाकघर ३' हे खोकं पलंगाशेजारी आलं आणि त्यावर घड्याळ बसलं.

जूनमध्ये ऊन जरा जास्तच मन लावून पडायला लागलं. दुपारी दोन ते सात या वेळात अल्मेरियात कुणी माणूस दिसत नाही. खिडक्यांच्या झडपा धाडकन खाली येतात, घराघरात अंधार होतो, आणि कुत्रीसुद्धा सावली बघून आडवी होतात. अशा वेळी, बरोबर चार वाजता, रस्त्याच्या मधोमध, टोपी घालून, टॉवेल खांद्यावर टाकून दोघंजणं समुद्राकडे चाललेली असायची.

समोरच्या दारातल्या एन्कार्नाबाईंना शेवटी राहवलं नाही. साठीच्या, ठेंगण्या, भरल्या आवाजाच्या बाई. त्यांनी उशियाला जिन्यात गाठलं.

"पोरी, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचारून झाल्यावर सांगितलं तर चालेल?"

"तुम्हाला घरातून कुणी हाकलतं का?"

"कोण हाकलणार?"

"मग चार वाजता उन्हात कशाला मरायला जाता?"

"ऊन आहे म्हणून."

एन्कार्नाबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून बघितला. मग घरात गेल्या आणि थंडगार टोमॅटोच्या सुपाचा तांब्या घेऊन आल्या. उशियाने आभार मानले, आणि सूप दोन ताटल्यांत ओतून दोघांनी पाव बुडवून खाल्लं. वाट्या 'स्वयंपाकघर १' मध्ये होत्या.

तुम्ही म्हणाल, उशियाने सरळ कात्री घेऊन एक खोकं का उघडलं नाही? उघडू शकली असती. पण शब्द म्हणजे शब्द. आणि दुसरं म्हणजे, उशियाला मोठं कुतूहल होतं. माणूस किती दिवस जाऊ शकतो, हे तिला बघायचं होतं. रोज सकाळी ती दात घासता घासता खोक्यांकडे बघे, मग नवऱ्याकडे, मग आभाळाकडे. आभाळ निळंशार. नवरा टॉवेल शोधत असायचा.

कुतूहल होतं, पण करमत नव्हतं. ही गोष्ट तिने शुर्शोला एकदाच सांगितली, समुद्रावर, वाळूत बोटाने रेघा काढता काढता.

"मला इथे काहीच येत नाही रे."

"म्हणजे?"

"तिकडे मला केवढं यायचं. चार दिवस झड लागली तरी कपडे वाळवायचे कसे. पुस्तकाला बुरशी लागली तर काढायची कशी. आभाळाच्या रंगावरून सांगायचे मी, ही भुरभुर आहे की सर आहे की दोन दिवसांची संततधार. इथे कुणाला त्याचं काय? इथे मी म्हणजे... उन्हात बसलेली एक बाई."

"छान तर आहे," शुर्शो म्हणाला. त्या वेळी तो पोटावर ऊन घेत होता, आणि पोटावर ऊन घेणाऱ्या माणसाच्या कानात फारसं काही जात नाही.

जुलैच्या सुरुवातीला मात्र त्याच्या मनात पहिली शंका आली. पावसाबद्दल. कचेरीत शेजारच्या टेबलावर इंदालेसिओ बसायचा. तीन पिढ्यांचा अल्मेरियाकर. शुर्शोने फाईल चाळल्यासारखं करत विचारलं,

"काय हो, इथे पाऊस कधी पडतो?"

"पडतो की."

"हो, पण कधी?"

इंदालेसिओने पेन खाली ठेवलं. खूप आठवून बघितलं. "आमच्या थोरलीच्या वाढदिवसाला पडला होता. केक भिजला."

"कितवा वाढदिवस?"

"सहावा."

"आता केवढी आहे?"

"आता नर्स आहे ती. मालागाला. दोन मुलं आहेत."

शुर्शोने फाईल मिटली. "मधे कधी पडलाच नाही?"

"तसा पडतो हो! मागे एकदा मार्चमध्ये पडला. गुरुवार होता. मी न्हाव्याकडे होतो, अर्धी दाढी ठेवून सगळे बाहेर बघायला आलो." मग पलीकडच्या टेबलाकडे मान वळवून ओरडला, "ए, तो गुरुवारचा पाऊस कोणत्या साली रे?" यावर सगळ्या कचेरीत वाद सुरू झाला. एक जण म्हणाला, बुधवार होता. दुसरा म्हणाला, तो पाऊसच नव्हता, वरच्या मजल्यावरची बाई झाडांना पाणी घालत होती. पाणीपुरवठा खात्याची उरलेली सकाळ त्यात गेली.

शहाण्या माणसाने त्या संध्याकाळी घरी जाऊन खोकी उघडली असती. शुर्शोनेही कात्री हातात घेतली. खिडकीतून सोनेरी, मऊ, सात वाजताचं ऊन आत आलं होतं. असलं ऊन सांतियागोत वर्षातून चारदा पडतं आणि तेव्हा लोक गाणी म्हणत रस्त्यावर येतात. त्याने कात्री खाली ठेवली. "उद्या," तो स्वतःशी म्हणाला. (माणसाचा स्वभाव घरासारखा ट्रकमध्ये घालून हलवता येत नाही. तो आधीच येऊन बसलेला असतो.)

ऑगस्टमध्ये एका शनिवारी दारावर थाप पडली. दारात एन्कार्नाबाईंचा पुतण्या कायेतानो उभा. शहराबाहेरच्या प्लॅस्टिकच्या मळ्यांत, टोमॅटो पिकवतात तिथे कामाला असलेला, दणकट, लाजाळू गडी. हातात मोजपट्टी. मागे त्याची वाग्दत्त वधू, वहीपेन्सिल घेऊन.

"काकींनी सांगितलं, तुम्ही निघालात," कायेतानो म्हणाला.

"कुठे निघालो?" शुर्शोने विचारलं.

"ते नाही सांगितलं."

"कोण म्हणतं निघालो?"

कायेतानोने त्याच्या खांद्यावरून आत बोट दाखवलं. "सगळं भरून तयार आहे की. आम्ही रस्त्यावरून रोज बघतो. पडदेसुद्धा काढलेत."

"काढलेत कुठे? लावलेच नाहीत!"

"आँ? तीन महिने?"

"साडेतीन," आतून उशियाचा आवाज आला.

"लग्न ऑक्टोबरात आहे," कायेतानोची वाग्दत्त वधू हळूच म्हणाली. "पलंग मावतो का तेवढं बघायचं होतं. त्रास नाही देणार."

शुर्शो त्यांना ठणकावून सांगणारच होता, की बाई गं, हे घर रिकामं होत नाहीये. तेवढ्यात उशिया पुढे आली. दोघांना आत घेतलं. मोजपट्टीचं दुसरं टोक स्वतः धरलं. लांबी सांगितली, रुंदी सांगितली, खिडकीची उंची सांगितली.

"मोजून ठेवा," ती म्हणाली. "उपयोगी पडेल कदाचित."

कदाचित! शुर्शोला अडतीस अंश तापमानात थंडी वाजली. पाहुणे गेल्यावर त्याने विचारलं, "कदाचित म्हणजे काय?"

"कदाचित म्हणजे काय असतं?"

"उशिया, तू तिकडे कळवलंस का काही?"

"तू खोकं उघडलंस का काही?"

आता आली का पंचाईत. खोकी लगेच उघडावीत, तर ती फक्त भीतीपोटी उघडली असं होणार. बायको म्हणणार, मोजपट्टी दिसली तेव्हा हात चालले. न उघडावीत, तर तीस सप्टेंबर. शुर्शोने यातून मार्ग काढला तो असा: आपण पावसाच्या दिवशी उघडणार असं बोललोय, बोललेलं पाळायचं, तेव्हा पाऊस आला की झालं. त्या दिवसापासून तो पावसाच्या मागे लागला. हवामानाची तीन ॲपं घेतली. रात्री उठून आभाळ बघायला लागला. एका रविवारी एवढासा ढग दिसला, तर उशियाला हाताला धरून खिडकीत आणलं. ढग दहा मिनिटांत विरघळला. उशियाने त्याची पाठ थोपटली आणि टॉवेल हातात दिला.

सप्टेंबर उजाडला. दहा तारीख झाली. वीस झाली. उशिया आता समुद्रावर कमी बोलायची. एकदा तिने फोनवर सांतियागोचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ लावला होता. नुसता चौक, ओले दगड, आणि पाऊस. माणूस एकही नाही. तिने तो सतरा मिनिटं बघितला.

पंचवीस तारखेला इंदालेसिओ कचेरीत आला तोच हात वर करून. "उद्या! उद्या दुपारी! रेडिओवर सांगितलं!" शुर्शोने त्याला मिठी मारली. मग साहेबांकडे जाऊन अर्ध्या दिवसाची रजा मागितली. साहेबांनी कारण विचारलं. "पाऊस," शुर्शो म्हणाला. साहेबांनी सही केली. अल्मेरियात हे कारण चालतं.

सव्वीसला दोन वाजता तो घरी पोचला. हातात नवी कोरी कात्री. आभाळ काळं होत होतं. तीनला वारा पडला. तीन वाजून दहा मिनिटांनी खिडकीच्या काचेवर एक थेंब आला. तांबूस, मातकट, कोंबडीच्या अंड्याएवढा. मग दुसरा. मग मोजायची सोय राहिली नाही.

"आला!" शुर्शो ओरडला. "उशिया, बघ! आज शब्द पाळतो की नाही!" आणि त्याने समोर आलं ते पहिलं खोकं टराटरा फाडलं. त्यावर लिहिलं होतं, 'पाऊस १'.

आत अकरा छत्र्या होत्या. चार रेनकोट. सहा जोड गमबूट.

शुर्शो दुसऱ्या खोक्याकडे वळला आणि तिथेच थांबला. उशिया खिडकीत उभी होती. पाठमोरी. खिडकी सताड उघडलेली, कोपरापर्यंत हात बाहेर काढलेला, पाणी ओंजळीत साठून मनगटावरून ओघळत होतं. मग तिने ओला हात तोंडावरून फिरवला.

तेव्हा कुठे शुर्शोच्या डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस त्याने ज्या पावसाची आराधना केली, तोच पाऊस आज त्याच्या बायकोला घरी न्यायला आला होता. चार दिवस राहिले होते. त्याच्या हातातून कात्री गळून पडली.

"उशिया..."

एवढ्यात दारावर दोन्ही मुठींनी धडाधड मारल्याचा आवाज झाला.

"उघडा! अगं पोरी, उघड! गच्चीवर तळं झालंय! माझ्या छतातून धार लागलीय!"

एन्कार्नाबाई दारात उभ्या होत्या. डोक्यावर बाजाराची प्लॅस्टिकची पिशवी, पायात सपाता, हातात सूप गाळायची चाळणी. (चाळणी कशाला, हे त्यांनाही नंतर सांगता आलं नाही.) मागे जिन्यात सगळी इमारत जमलेली. एकाने समुद्रावरची भलीमोठी छत्री आणली होती, ती जिन्यात अडकली होती. दोघं मोबाईलवर चित्रण करत होते. कायेतानो मळ्यातलं प्लॅस्टिक अंगाभोवती गुंडाळून, सोलायच्या राहिलेल्या काकडीसारखा उभा होता. गच्चीच्या दारातून पाणी पायऱ्या उतरून येत होतं आणि सगळे जण त्याच्याकडे वाघ बघावा तसे बघत होते.

उशियाने एकदा त्या पाण्याकडे पाहिलं, एकदा त्या माणसांकडे. मग जे झालं ते शुर्शोने लग्नाच्या नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. उशिया ओरडली.

"मोबाईल खिशात! आधी खिशात! तुम्ही, लाल सदऱ्यावाले, घरात जाऊन झाडू आणा. लांब दांड्याचा. एन्कार्नाबाई, ती चाळणी टाका, जुने टॉवेल काढा, पिळून दाराच्या फटीत कोंबा. असे नाही, गुंडाळून! कायेतानो, ते अंगावरचं सोड, एन्कार्नाबाईंच्या पलंगावर घाल. शुर्शो, छत्र्या वाट!"

शुर्शोने छत्र्या वाटल्या. अकरापैकी चार जणांना उघडायची कशी ते दाखवावं लागलं. एक आजोबा छत्री उलटी धरून त्यात पाणी साठवत होते. सगळा लवाजमा गच्चीवर निघाला, पुढे उशिया, पिवळ्या गमबुटात, केस गालाला चिकटलेले, डोळे असे की दिवे लागावेत.

"पाणी इकडे तिकडे उडवू नका हो! उतार कुठे आहे? उतार बघा आधी!"

"उतार म्हणजे काय गं?" एन्कार्नाबाईंनी विचारलं.

"पाणी कुठे जातं?"

"आम्हाला काय ठाऊक? आलं कधी होतं?"

उतार उशियानेच शोधला. कोपऱ्यात. तिथे पाणी जायचं भोक होतं आणि ते तुंबलेलं होतं. "शुर्शो, हात घाल," ती म्हणाली. शुर्शो घोटाभर पाण्यात पालथा झोपला, खांद्यापर्यंत हात आत घातला, आणि त्याच्या बोटांना काहीतरी गोल लागलं. चेंडू. कुणाचा, कधीचा, देव जाणे. त्याने तो मुठीत पकडून बाजूला उचलला आणि घळाघळा आवाज करत पाणी वाहायला लागलं. टाळ्या पडल्या.

पण चेंडू धरलेली मूठ भोकातून बाहेर येईना. आणि मूठ सोडावी, तर चेंडू परत भोकावर बसणार.

"धरून ठेव हं! सोडू नकोस!" उशिया म्हणाली.

"आकडा आणतो मी खालून," कायेतानो म्हणाला आणि पळाला.

शुर्शोने धरून ठेवला. त्याच्या छातीखालून पाणी वाहत होतं, पाठीवर पाऊस पडत होता, आणि त्याला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. आपण तोलून धरलंय म्हणून ही इमारत उभी आहे! उशिया झाडूवाल्यांना ओळीत उभं करत होती. तिचं हसणं पावसातून ऐकू येत होतं.

तीन पंचेचाळीसला पाऊस थांबला. थांबला म्हणजे नळ बंद केल्यासारखा. ढग फाटले, ऊन बाहेर आलं, आणि गच्चीवरची माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत, छत्र्या झटकत जिना उतरली. "चला, सगळे आमच्याकडे," उशियाचा आवाज आला. "गरम कॉफी प्यायल्याशिवाय कुणी हलायचं नाही. भिजल्यावर कॉफी घ्यायची असते. ओल्या चपलांत वर्तमानपत्र कोंबा, वर्तमानपत्र माझ्याकडे ढीगभर आहे."

"आकडा?" शुर्शो ओरडला. "ए, आकडा!"

कुणी ऐकलं नाही. त्याने धरून ठेवला. बायकोने सांगितलं होतं, सोडू नकोस.

खालून आवाज येऊ लागले. पहिल्यांदा नुसती बडबड. मग चर्रर्र. पुन्हा चर्रर्र. काय फाडतायत ही माणसं? मग काचेची किणकिण, आणि एन्कार्नाबाईंचा चित्कार: "अगोबाई! आणि ह्याने काय करतात?" "हवेतलं पाणी काढतात." "हवेत पाणी असतं?" मग हशा. मग पुन्हा चर्रर्र, आता चारपाच ठिकाणी एकदम. शुर्शोची मान दुखायला लागली, पण त्याहून जास्त दुखत होतं ते कुतूहल. त्याने हाका मारल्या. आधी उशियाला, मग कायेतानोला, मग ओळीने नावं आठवतील त्यांना.

त्याच्या भोवतीची गच्ची वाळत चालली होती. आधी कडा, मग मधला भाग. साडेचारला ती पापडासारखी खुटखुटीत झाली. त्या कोरड्याठाक गच्चीवर एक माणूस पालथा पडून चेंडू धरून होता. अखेर त्याने डोळे मिटले, मनाचा हिय्या केला आणि मूठ सोडली. टप्. चेंडू खाली बसला. बाकी काही झालं नाही. व्हायला पाणी कुठे होतं?

तो खाली आला तेव्हा घराचं दार उघडं होतं, आणि क्षणभर त्याला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच्या घरी आलो. खिडक्यांना पडदे होते. पुस्तकं भिंतीशी ओळीने लागली होती. लाल सदऱ्यावाले गृहस्थ ती विषयवार लावत होते. आजोबांनी बुरशी घासायचा ब्रश कपाटावर मांडून ठेवला होता, शोभेची वस्तू समजून. निळ्या कपांतून कॉफी चालली होती. कोपऱ्यात चपटी केलेली खोकी कमरेएवढी रचलेली.

"ये बाबा, ये," एन्कार्नाबाई म्हणाल्या. "कप काढायला म्हणून एक खोकं उघडलं, तर चमचे सापडेनात. मग दुसरं उघडलं. मग म्हटलं, पाच महिने झोप नाही आम्हाला, आहे तरी काय ह्यांच्यात ते एकदा बघूनच टाकू. पाऊण तास लागला. फक्त पाऊण तास! तुला काय झालं होतं रे?"

शुर्शो उशियाकडे बघत होता. ती जमिनीवर बसली होती, मांडीवर टॉवेल, हातात कप. तिच्याजवळ बसायला जागा नव्हती, दोन्हीकडे बायका होत्या. एक जण वहीत लिहून घेत होती, झड लागली तर कपडे कसे वाळवायचे. (अल्मेरियात झड! पण बाई भक्तिभावाने लिहीत होती.) दुसरी होती कायेतानोची वाग्दत्त वधू, जरा रडवेली.

"तिकडे कळवलं मी," उशिया म्हणाली.

"काय कळवलंस?" शुर्शोने विचारलं.

तिने फोन पुढे केला. कोरडा हात नव्हता म्हणून त्याने तो सदऱ्याला पुसायचा प्रयत्न केला, सदराही ओला. शेवटी एन्कार्नाबाईंनी फोन त्याच्या डोळ्यांसमोर धरला. ग्रंथालयाच्या मुख्य बाईंना पाठवलेला मेल होता, चार वाजून दहा मिनिटांनी.

*सप्रेम नमस्कार. मी परत येत नाही. माझी जागा भरून टाकावी. इथे आज पाऊस पडला आणि आमच्या इमारतीतल्या लोकांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्यांना सोडून येणं बरं दिसणार नाही.*

शुर्शोने तो एकदा वाचला. मग पुन्हा वाचला. मग सगळ्यांसमोर त्याचे डोळे भरून आले, आणि तो ओलाचिंब असल्याने कुणाला काही कळलं नाही. राहणार! उशिया राहणार! तिसऱ्यांदा त्याने आपलं नाव शोधायला वाचला. नवऱ्यासाठी, नवऱ्याखातर, नवऱ्याच्या प्रेमापोटी, असं काहीतरी असणार कुठेतरी. नव्हतं. एन्कार्नाबाईंनी अंगठ्याने पडदा जरा वर सरकवला. खाली आणखी दोन ओळी होत्या.

*ता. क. गच्चीतून मघापासून कुणीतरी ओरडतंय. पाऊस थांबल्यावरही वर बसून राहणारा माणूस आमच्यात कोण आहे, कळत नाही. कॉफी झाली की बघून येते.*

"मग?" शुर्शो म्हणाला. "आली का नाहीस बघायला?"

उशियाने कप वर उचलून दाखवला.

"झालीय कुठे?"